सव्वादोनशे किलोची शेगडी

गेल्या वर्षी नोव्हेंबरात मी एक शेगडी विकत घेतली. शेगडी म्हणतोय ते आमच्या घरात तिला तेच नाव पडलं म्हणून. तिच्या मूळ मालकाच्या भाषेत ती 'चारकोल ग्रिल' होती. लांबी सहा फूट, रुंदी अडीच फूट, आडव्या पिंपासारखा आकार, वर तसंच अर्धगोल झाकण आणि खाली चार पाय. कान्हाच्या मुक्की गेटजवळच्या एका रिसॉर्टमध्ये आम्ही मित्र जेवायला गेलो होतो. हात धुवायला मागे गेलो, तर ही बाई पावसात गंजत उभी. तिथले लोक लॉन नव्यानं करत होते आणि हिचं काय करायचं ते त्यांनाही कळत नव्हतं. भंगाराच्या भावानं न्या म्हणाले. बैहरच्या वजनकाट्यावर भरली 225 किलो. छत्तीस रुपये किलोनं 8,100 रुपये झाले, आणि छोटा हत्तीचं भाडं वेगळं. गांगुलपाऱ्याच्या घाटात ड्रायव्हर पूर्ण वेळ पहिल्या गियरवर होता आणि दर वळणाला माझ्याकडे एकदा बघत होता.

बालाघाटला घराच्या फाटकापाशी सहा जणांनी मिळून ती उतरवली. बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी एकदा पाहिलं, म्हणाले, "बारात येऊन राहिली काय?" आणि आत गेले.

बायकोनं त्यापेक्षा नेमका प्रश्न विचारला. ती म्हणाली, आपण जानेवारीत पुण्याला परत जातोय ना? मग हे?

प्रश्न बरोबर होता. 2020 मध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा आम्ही पुण्याचा फ्लॅट भाड्यानं देऊन इथे आलो. दोन-तीन महिन्यांसाठी आलो आणि राहूनच गेलो. 2022 मध्ये आई गेली. त्यानंतर तर निघायचा विषयच नव्हता. पण मागच्या ऑगस्टमध्ये कंपनीची मेल आली, जानेवारीपासून आठवड्याचे तीन दिवस ऑफिसात यायचं. लेकीची शाळाही बघायची होती. मी आणि नागपूरची ताई, दोघांनी मिळून ठरवलं की बाबांनी आमच्यासोबत पुण्याला यायचं. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पाहू." वैनगंगेच्या काठच्या माणसाचं 'पाहू' म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको.

शेगडी का घेतली याचं खरं उत्तर तेव्हा माझ्याजवळ नव्हतं. यूट्यूबवर टेक्सासवाल्यांचे व्हिडिओ वर्षभर पाहिले होते, हे एक. तिकडे तेलाच्या विहिरींवरच्या वेल्डरांनी उरलेल्या जाड पाइपांतून असल्या भट्ट्या बनवल्या आणि त्यात रात्ररात्र मांस शिजवायची पद्धत पाडली. शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समधल्या जॉर्ज स्टीफननं 1952 मध्ये पाण्यावर तरंगणारा लोखंडी बोया मधून कापून झाकणवाली गोल ग्रिल केली, तीही अशीच कारखान्यातल्या मालातून. मला ही जात आवडते. दुसऱ्या कामासाठी केलेलं लोखंड आणून त्याला स्वयंपाकाला लावायचं.

आता थोडं तांत्रिक, पण सोडून जाऊ नका. आपण लग्नात खातो ते कबाब, टिक्के मोठ्या आचेवर पाच-दहा मिनिटांत होतात. त्याला नरम तुकडा लागतो. बकऱ्याचा खांदा किंवा मानेचा भाग तसा भाजला तर चिवट होतो, कारण त्यात कोलॅजन नावाचं प्रथिन भरपूर असतं. हे कोलॅजन कमी आचेवर, तासन्‌तास राहिलं की विरघळून जिलेटिन होतं आणि मग तेच मांस बोटानं सुटतं. त्यासाठी भट्टीतली हवा 110 ते 120 अंशांवर पाच-सहा तास तशीच धरून ठेवायची. वर नाही, खाली नाही. यात परदेशी काही नाही. माझी आजी दुधाचं भांडं निखाऱ्यावर ठेवून वर राख ओढायची आणि संध्याकाळपर्यंत त्यावर तांबूस साय धरायची. तिला 120 अंश माहीत नव्हते. तिला राख माहीत होती.

मला 120 अंश माहीत होते. राखेची काही माहिती नव्हती.

पहिला प्रयोग डिसेंबरच्या पहिल्या रविवारी केला. आधी आतला जुना रंग जाळून तारेच्या ब्रशनं खरवडून काढला (जुन्या रंगात काय असेल सांगता येत नाही, हे काम टाळू नका) आणि आतून जवसाचं तेल पुसून दोन तास तापवली. जवसाचं तेल तापलं की लोखंडावर टणक पापुद्रा धरतं, गंज चढत नाही. तिकडचे लोक याला 'फ्लॅक्ससीड ऑइल' म्हणून डॉलर मोजतात. आपल्याकडे किराणा दुकानात मिळतं. मग कोळसा भरला, पेटवला, खांद्याचे दोन तुकडे ठेवले, झाकण लावलं. पंधरा मिनिटांत आतला पारा 260 वर. मी खालची भोकं विटांनी बुजवली, तर एकदम 90. उघडली, तर पुन्हा 240. दुपारपर्यंत 14 किलो कोळसा संपला आणि ताटात आलं ते बाहेरून कोळसा, आतून कच्चं. पाहुणे म्हणून बोलावलेल्या मित्रांनी शेवटी अंडाकरी मागवली.

बाबांनी मात्र एक तुकडा घेतला, कडेचं काळं काढून बाजूला ठेवलं आणि उरलेलं शांतपणे चावत बसले. मग म्हणाले, "तिची हवा कुठून घेतो तू?"

मी म्हटलं, "खालून. भोकं आहेत ना."

"आणि जाते कुठून?"

मला सांगता येईना.

इथे सांगायला हवं की बाबांची सगळी नोकरी भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत गेली. गावापासून हाकेच्या अंतरावरची खाण, इंग्रजांच्या काळापासूनची, आता मॉयलची. बालाघाटचा प्रत्येक पोरगा तिचं नाव सांगतो, पण जमिनीखाली उतरलेला प्रत्येक घरात असतोच असं नाही. आमच्या घरात होता. आणि त्यांची शेवटची बरीच वर्षं हवेच्या कामात गेली. खाणीत खोल काम करणाऱ्या माणसाला ताजी हवा पोचवायची, वापरलेली हवा, स्फोटाचा धूर बाहेर काढायचा, हे काम. मी लहानपणी 'बाबा काय करतात' याचं उत्तर 'खाणीत आहेत' एवढंच द्यायचो. बीई झालो, तरी त्याच्या पुढे कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सकाळचा कॉल संपवून अंगणात आलो तर बाबा शेगडीपाशी स्टुलावर. एका हातात पेटलेल्या पाच-सहा उदबत्त्या, दुसऱ्या हातात लेकीच्या पाटीवरचा खडू. आत थोडासा विस्तव केला होता, झाकण बंद. झाकणाच्या कडेनं उदबत्ती हळूहळू फिरवत होते. जिथे धूर आत ओढला जाई किंवा बाहेर फेकला जाई, तिथे खडूनं गोल. म्हणाले, खाली जिथे हवा इतकी हळू चालते की यंत्रावर काटा हलत नाही, तिथे अशीच धुराची फुंकर सोडून बघतात, धूर कुठे चालला. मी गोल मोजले. 23.

"हे आहेत तोवर तुझी खालची भोकं उघडली काय, मिटली काय, काही फरक नाही," ते म्हणाले. "हवा पहिले शॉर्टकट पाहते. खाली आम्ही म्हणून तर दोन-दोन दरवाजे लावतो. एकातून माणूस गेला, तो लागला, मग दुसरा उघडायचा. दोन्ही एकदम उघडे राहिले की हवा तिथूनच परत फिरते, पुढे माणसापर्यंत जातच नाही."

बाबा एका दमात इतकं बोललेले मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. मी उत्तर दिलं नाही, नुसता उभा राहिलो. त्यांना वाटलं मला समजलं नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

पुढचे तीन आठवडे आमच्या अंगणात काम चाललं. वेल्डिंगवाला भैया संध्याकाळी आपलं दुकान बंद करून यायचा. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "ये चूल्हा है कि इंजन?" बाबा म्हणाले, "बनने दे, फिर बताता हूँ."

खालची सगळी भोकं पट्ट्या लावून बंद केली. एका टोकाला दोनच खिडक्या ठेवल्या, त्यांना मागेपुढे सरकणारी झडप. त्याच टोकाला आतून भट्टीच्या विटा लावून कोळशाची खोली वेगळी केली आणि मध्ये पोलादी आडभिंत, खाली चार बोटं फट सोडून. म्हणजे मांस निखाऱ्यावर नाही, निखाऱ्याच्या शेजारच्या खोलीत. धुराडं दुसऱ्या टोकाला. ते मी वर झाकणात बसवणार होतो, सगळ्या फोटोंत तसंच दिसतं. बाबांनी खाली, जाळीच्या पातळीवर बसवायला लावलं. गरम हवा छताला चिकटून निघून जाते, मांसाला भेटतच नाही, असं त्यांचं म्हणणं. नंतर वाचलं तर तिकडचे जाणते लोकही हीच दुरुस्ती करतात.

धुराड्यासाठी भैयानं जीआय पाइप आणला, चमकदार, स्वस्त. बाबांनी परत पाठवला. जस्ताचा मुलामा तापला की त्याची वाफ निघते आणि ती छातीत गेली की थंडीताप भरतो. वेल्डिंग करणाऱ्यांना हा ताप ओळखीचा असतो. भैयाही मान हलवत म्हणाला, हो, मला दोनदा आलाय. मग साधा काळा पाइप आला, चार इंची.

झाकणाची फट मात्र कशानं बुजेना. मी ऑनलाइन 'हाय टेम्परेचर गॅस्केट' शोधत होतो, किंमत बघून बंद करत होतो. बाबांनी कोणाला तरी फोन केला आणि दुपारच्या गाडीनं गोंदियाला गेले. एकटे. आई गेल्यापासून ते बाजाराच्या पुढे एकटे गेले नव्हते. संध्याकाळी पिशवीत काचतंतूची जाड दोरी घेऊन परत. आमचा हा सगळा पट्टा धानाचा, गोंदियापासून वारासिवनीपर्यंत राईस मिल. उसना तांदूळ करायला मिलमध्ये बॉयलर असतो आणि बॉयलरच्या दाराला हीच दोरी लागते. मीटरवर मिळते. "तुझ्या अमेझॉनवाल्याला सांग," म्हणाले.

झाकण चाळीस किलोचं. मी उचलायचो, बाबांना उचलेना. हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही, मी बाजूला असेन तेव्हाच 'जरा उघड' म्हणायचे. मी भैयाला सांगून झाकणाच्या मागे एक दांडा लावून घेतला आणि त्याला पिठाच्या गिरणीची जुनी बिडाची पुली टांगली. आता लेकसुद्धा एका हातानं उघडते. बाबांनी ते पाहिलं, उघडून-लावून दोनदा बघितलं, बोलले काही नाही.

माझंही काहीतरी असावं म्हणून मी त्यात इलेक्ट्रॉनिक्स घातलं. जाळीजवळ थर्मोकपल, एक ईएसपी-32 बोर्ड, खिडकीवर कॉम्प्युटरचा छोटा पंखा. तापमान पडलं की पंखा फिरणार, वाढलं की थांबणार, आणि मोबाइलवर आलेख. कोड दोन रात्रींत लिहिला. चालवलं तर आलेख वैनगंगेच्या पुरासारखा वरखाली. कारण सव्वादोनशे किलो लोखंड आणि वर विटा. त्याला आज सांगितलेलं अर्ध्या तासानं ऐकू येतं. पंखा वाट न पाहता फुंकत राहायचा, मग आच डोक्यावरून जायची. मी आकडे बदलत बसलो. बाबांनी पंख्याची वायर काढली, खिडकीची झडप दोन बोटं उघडी ठेवली, धुराडं पूर्ण मोकळं. "जाणारी हवा अडवू नको. येणारी मोज," म्हणाले, आणि वर्तमानपत्र घेऊन बसले. चाळीस मिनिटांनी आकडा 118 वर आला आणि तिथेच राहिला.

त्यांनीच एकदा सांगितलं की पंखे यायच्या आधी इंग्लंडच्या कोळसाखाणींत बाहेर जाणाऱ्या विहिरीच्या तळाशी मोठी भट्टी पेटवून ठेवत. तिथली हवा तापून वर जाई आणि तिच्या मागे दुसऱ्या विहिरीतून ताजी हवा आपोआप आत ओढली जाई. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कित्येक खाणी अशाच श्वास घेत होत्या. कोळशाच्या खाणीत उघडी भट्टी! त्याचे परिणामही झालेच. पण तत्त्व आमच्या शेगडीचंच.

एका गोष्टीवर बाबांनी अजिबात ऐकलं नाही. पाऊस-थंडीचं म्हणून मी शेगडी मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवणार होतो. ते म्हणाले, भिंत पाडली तरच. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस झोपेतच जातो. दर हिवाळ्यात आपल्याकडे बंद खोलीत शेगडी घेऊन झोपलेल्या कुटुंबाची बातमी येते. लहानपणी कडाक्याच्या थंडीत आमच्या घरी रात्री शेगडी आत येत नसे, आणि आम्ही त्यांना कंजूष म्हणायचो. शेवटी खोलीच्या दोन भिंती पाडल्या. आता तो मांडव आहे. तुमच्यापैकी कोणी असला उद्योग करणार असाल तर बाकी सगळं विसरा, एवढं विसरू नका.

नाताळच्या सुट्टीत ताई-भावजी आले. पहाटे चारला आम्ही दोघांनी भट्टी लावली. कोळसा न पेटवता भरायचा आणि एका कोपऱ्यात फक्त मूठभर निखारे ठेवायचे, म्हणजे तो विडीसारखा कडेनं हळूहळू पेटत जातो. सहा किलो कोळशात दुपारी दोनपर्यंत निघालं. खांद्याचं हाड हातात धरून ओढलं तर मांस ताटातच राहिलं. मीठ, हळद, लसूण, थोडा काळा मसाला, बस. भावजींनी सावजीवाल्यांची शपथ घेऊन सांगितलं की असं खाल्लं नव्हतं. आणि बाबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "रोडगे होतील काय यात?"

आईचे रोडगे. धान घरात आलं की मार्गशीर्षात शेतावर आंब्याखाली ती चाळीस माणसांचे रोडगे घालायची. जाडसर कणीक, तेल, ओवा, पदराचे गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजून मग गरम राखेत पुरून ठेवायचे. सोबत वांग्याची भाजी, तुरीचं वरण, आणि फोडलेल्या रोडग्यावर तूप. ती गेल्यावर दोन वर्षं कोणी विषय काढला नव्हता. काकू आता वाकू शकत नाहीत, आणि बाकीच्यांना विस्तवाचा अंदाज नाही.

पहिल्या खेपेला भट्टी 200 वर नेली, रोडग्यांना रंग आला की झडपा बंद केल्या आणि दोन तास आपोआप उतरू दिली. राखेचं काम लोखंडानं केलं. चाळीस नाही, सव्वीस माणसं आली. काकूंनी एक फोडून खाल्ला, म्हणाल्या, आत छान शिजला, पण गोवरीचा वास नाही. बाबा उठले, दोन गोवऱ्या कोळशावर ठेवून आले. दुसरी खेप काकूंनी खाल्ली आणि काही न बोलता एक पदरात बांधून घेतला.

रात्री भांडी घासताना ताई मला हळूच म्हणाली, आता तू यांना पुण्याला कसा नेणार? मी म्हटलं, सोसायटीत ही लिफ्टमध्ये बसणार नाही. आम्ही दोघं हसलो, पण तो प्रश्नच होता, आणि आहे. बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत, रक्तदाबाची गोळी कधी घेतात, कधी विसरतात. ताईचं मत अजूनही त्यांनी यावं असंच आहे. बायकोचं मत बदललंय. माझं दर आठवड्याला बदलतं. एक मावशी सकाळी येते, शेजारचा मुलगा रात्री चक्कर मारतो, तेवढी सोय केली आहे. दिवाळीत पुन्हा बोलायचं ठरलंय.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आम्ही निघालो. बोर्ड काढून आणणार होतो, विसरलो.

फेब्रुवारीत एका शनिवारी पहाटे पुण्यात मोबाइल वाजला. माझ्याच कोडनं पाठवलेली सूचना: भट्टीचं तापमान 60 च्या वर. 4.10 वाजले होते. मी उठून बसलो. फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. उचलला नाही. स्वयंपाकघरात जाऊन आलेख उघडून बसलो. 74. 91. 105. पडलेला माणूस, पेटलेला मांडव, सगळं डोक्यात येऊन गेलं. 112. मग रेषा वाकली, 117 वर आली आणि आडवी झाली. पंधरा मिनिटं 117. अर्धा तास 117.

साडेसहाला त्यांचाच फोन आला. खाणीतले जुने चार मित्र दुपारी जेवायला येणार होते.

मी म्हटलं, "बाबा, फोन का नाही उचलला?"

"हात कोळशाचे होते," ते म्हणाले. "आणि तो तुझा पंखा काढून ठेवला मी. आवाज करते."